गॅरेजमधल्या रोस्टरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना रोस्टर आहे आणि खरं सांगायचं तर आता फार दमलो आहे. रोस्टर म्हणजे विजेवर चालणारं, झाकणाचं, लंबगोल मोठं भांडं. तुमच्या घरातलं लहान मूल माझ्यात पाय मुडपून सहज बसेल. पण बसवू नका. माझ्या पोटात अख्खी टर्की, म्हणजे कोंबडीच्या चौपट मोठा पक्षी, मावते आणि माझा जन्म त्याचसाठी झाला आहे.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका कारखान्यात घडलो. तिथे पत्रा कापणारे, वाकवणारे, त्यावर निळं इनॅमल चढवणारे असे पुष्कळ हात माझ्यावरून फिरले. मला भट्टीतून काढणारा माणूस दुसऱ्याला म्हणाला होता की हा आपल्या दोघांपेक्षा जास्त जगेल. ते मला तेव्हा कौतुक वाटलं. आता ती शिक्षा होती असं वाटतं.

हार्लन नावाच्या लाकूडतोड्याने मला विकत घेतलं आणि लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला भेट दिलं. तिचं नाव आर्डिथ. तिला मनगटी घड्याळ हवं होतं. खोक्यावरचा कागद काढताना तिचा चेहरा कसा उतरला, ते मी आतून पाहिलं. पण ती शहाणी बाई. वा, किती मोठा आहे, एवढंच म्हणाली. नवऱ्याला ती स्तुती वाटली.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. एका घरात राहून मी साऱ्या गावाचा झालो. कुणाची मुलगी शाळा पास झाली, न्या रोस्टर. कुणाचं लग्न, न्या रोस्टर. कुणी वारलं, तर चर्चच्या तळघरात माझ्यात डुकराचं मांस शिजायचं आणि काळे कपडे घातलेली माणसं पावात भरून ते खायची. माझं निरीक्षण असं की माणसं सुखात आणि दुःखात तेच खातात, फक्त दुःखात थोडं जास्त खातात.

मी हिशोबी आहे, मित्रांनो. कोण काय घेऊन येतं आणि काय घेऊन जातं, हे माझ्या ध्यानात राहतं. दुकानातले पाव टोपलीत घालून वर भरतकामाचा रुमाल टाकणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. हात रिकामे आणून डबे भरून नेणारे पुरुषही ठाऊक आहेत. मला उसना नेणारा प्रत्येकजण ‘घासून आणून देतो’ म्हणायचा. घासून आणणारे थोडे निघाले. हार्लनच्या बहिणीने, इर्माने, तर एकदा मला परत आणलं ते दुसऱ्याच कुणाचं झाकण घालून. ते झाकण मला आजही नीट बसत नाही, वाफ आली की खडखडतं. माझं मूळ झाकण कुठल्या रोस्टरच्या डोक्यावर आहे, देव जाणे.

पण वर्षातून एक दिवस मी फक्त आर्डिथचा असायचो. तो दिवस थँक्सगिव्हिंगचा, पीकपाण्याचे आभार मानायच्या सणाचा. स्वयंपाकघरातली भट्टी, म्हणजे ओव्हन, त्या दिवशी भोपळ्याचं गोड पुरण भरलेल्या पाईंनी आणि रताळ्यांनी भरलेली असायची, म्हणून टर्की माझ्या वाट्याला. शिवाय मला आणि कॉफीच्या यंत्राला एकत्र चालवलं की घराचा फ्यूज उडायचा. म्हणून हार्लनने मला गॅरेजमध्ये टेबलावर बसवलं. त्या गॅरेजला वेगळी वीज होती, पण भिंतीत प्लग लावायची जागा एकच, तीही जुन्या फळीच्या मागे. तिथे थंडी अशी की दूध, लोणी, साय सगळं फळीवर ठेवलं तरी टिकायचं. मी मधोमध उबदार बसलेला असायचो. बायका काहीतरी न्यायला आत आल्या की माझ्यावर हात शेकून जायच्या.

आर्डिथच्या हातचं सारण गावात नावाजलेलं. पावाचे तुकडे ती आधीच वाळवून ठेवायची. मग लोण्यात कांदा आणि सेलरी परतायची, अंडं फेटायची, आणि शेवटी सेज या उग्र वासाच्या झुडपाची वाळलेली पानं दोन्ही तळहातांत चुरडून वरून सोडायची. किती सोडायची, ते तिचं नाक सांगायचं. ते सारण टर्कीच्या पोटात भरून, पाय बांधून, अंगाला लोणी चोळून ती तो पक्षी माझ्या स्वाधीन करायची. आणि तासातासाला येऊन झाकण उचलायची, डोळे मिटायची, वाफेत नाक घालायची. झाकण उचललं की माझी ऊब जाते. हार्लन तिला त्यावरून ओरडायचा, मीही चिडायचो. आज वाटतं, चिडायला नको होतं.

हार्लन गेला. त्याच्या अंत्यविधीचं मांससुद्धा माझ्यातच शिजलं. पुढे चर्चने नवी मोठी यंत्रं आणली आणि मी आमच्या घराच्या तळघरात नाताळच्या दिव्यांच्या माळांखाली जाऊन पडलो. एक उंदीर दोन हिवाळे माझ्यात राहिला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने निदान झाकण बदललं नाही.

सणाला मात्र आर्डिथ मला वर काढायचीच. आता ज्या सणाची गोष्ट सांगायची आहे, त्याच्या आदल्या दिवशी मी धुऊन पुसून गॅरेजमध्ये बसलो होतो. आर्डिथचा मुलगा कर्टिस आणि सून मार्ला तासाभरावरच्या मोठ्या गावातून आले होते. सामान उतरवताना दोघं माझ्याशेजारी थांबली. माणसं भांड्यांसमोर फार मोकळं बोलतात.

कर्टिस म्हणाला, “उद्या जेवण झालं की मी आईला सांगणार. हा सण आता आपल्याकडे. परवा शेगडीवर पातेलं करपून कोळसा झालं होतं आणि ती बाजूला उभी राहून फोनवर बोलत होती. आईला काही लक्षातच राहत नाही आता.”

“त्यांना आधी विचारशील की नाही?” मार्लाने विचारलं.

“विचारलं तर नाहीच म्हणेल.”

“मग त्यांचं उत्तर तुला ठाऊक आहे म्हणायचं.”

कर्टिसने खोकं उचललं. त्याला कुणी दिसलं नाही, पण मला दिसलं. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरणाऱ्या पायरीवर, अर्धवट उघड्या दाराआड आर्डिथ उभी होती. दार हळूच लावून आत गेली.

तेव्हा, मित्रांनो, उद्याचं जेवण म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळलं. ती आर्डिथची परीक्षा होती. जेवण बिघडलं तर कर्टिसचं म्हणणं खरं ठरणार होतं आणि तिच्या घरातला सण उठणार होता. म्हाताऱ्या माणसाच्या घरातून सण उठला की पुढे बरंच काही उठतं. मी गावातली अशी घरं पाहिली आहेत. आधी सण जातो, मग गाडीची किल्ली जाते, मग अंगणात घर विकण्याची पाटी येते.

एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. आर्डिथची स्मरणशक्ती शाबूत होती. गेलं होतं ते नाक. गेल्या हिवाळ्यात तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास परत आला नाही. मला कसं कळलं म्हणता? ईस्टरला तिने माझ्यात मांस शिजवलं, झाकण उचललं आणि डोळे उघडे ठेवून नुसती बघत राहिली. तिने वाफेत नाक घातलं नाही. तेव्हापासून ती घड्याळावर आणि डोळ्यांवर रांधत होती. परवाचं पातेलंही म्हणूनच करपलं. करपल्याचा वास तिला येणारच नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रांधणाऱ्या बाईचं नाक गेलं हे कळल्यावर तिच्या हातचं कोण खाणार, असं तिला वाटत असावं.

सणाच्या दिवशी उजाडायच्या आत पुरुष नारिंगी जाकिटं घालून रानात गेले. त्यांच्याकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम नेमका सणाच्या आठवड्यात येतो. झाडावरच्या मचाणावर बसून दिवसभर गारठायचं आणि अंधार पडला की जेवायला घरी यायचं, अशी रीत आहे. हरीण मिळालं नाही तरी चालतं. मिळालं असतं, एवढं सांगता आलं की पुरतं.

आर्डिथने मन लावून सारण केलं. मार्लाने चव बघू का म्हणून विचारलं, तेव्हा नको, एवढी वर्षं करतेय, असं म्हणून तिने तो विषय संपवला. टर्की माझ्यात आली. आर्डिथने स्वतः बटण फिरवलं, फळीमागे हात घालून प्लग लावला, वाकून माझा लाल दिवा लागलेला पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला. मी तापू लागलो.

दुपारच्या आत कर्टिस हातमोजे बदलायला घरी आला. थंडी हाडं फोडणारी होती. तिकडच्या गाड्यांच्या इंजिनाला एक वायर असते. ती विजेला जोडून ठेवली की इंजिन गोठत नाही. गेल्या सणाला कर्टिसची पिकअप गाडी सगळ्यांसमोर सुरू झाली नव्हती आणि तिला ढकलताना इर्माआत्याने जे टोमणे मारले, ते त्याला वर्षभर पुरले होते. म्हणून त्याने गाडी गॅरेजच्या दाराशी लावली, दाराखालून जाड वायर आत ओढली, फळीमागे हात घातला आणि माझा प्लग उपटला. बघितलंसुद्धा नाही. त्याला ती बापाच्या जुन्या रेडिओची वायर वाटली असावी. शीळ घालत तो पुन्हा रानात गेला.

माझा लाल दिवा विझला. टर्की जेमतेम कोमट झाली होती. आता मी काय करणार? मला तोंड नाही, झाकण आहे, आणि तेही दुसऱ्याचं.

दुपारभर आर्डिथ ये-जा करत राहिली. बटाटे नेले, साय नेली. प्रत्येक वेळी माझ्याकडे समाधानाने बघायची. दिवा माझ्या भिंतीकडच्या बाजूला आहे, तो तिला उभ्याने दिसत नव्हता. झाकण उचलायला आता तिला कारणच उरलं नव्हतं. पूर्वी नाकासाठी उचलायची. पूर्वीची आर्डिथ दारातच थबकली असती आणि म्हणाली असती, अगं बाई, इथे वास कसा नाही?

इर्माही येऊन गेली. ती हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घालून थरथरणारं सॅलड करते. दरवर्षी ते सॅलड आर्डिथने घेतलेला एक चमचा वजा जाता जसंच्या तसं तिच्यासोबत घरी परत जातं. तिने ते फळीवर ठेवलं आणि मला विचारलं, “काय रे म्हाताऱ्या, चाललंय ना?” तिच्या नाकात स्वतःच्या सिगारेटखेरीज काही शिरत नाही. आणि मार्ला दालचिनीच्या वासात, भट्टीपुढे उभी होती.

अंधारून आलं. मोठं ताट आणि दातेरी काटा घेऊन आर्डिथ गॅरेजमध्ये आली. तिने केस विंचरले होते. झाकण उचललं.

वाफ नाही. टर्की पांढरीफटक. आर्डिथने तिला बोट लावलं, मग मला हात लावला. मी गार होतो. ती वाकली, तिने विझलेला दिवा पाहिला, आणि तिचा चेहरा मला विसरता येत नाही. तो सणाचं जेवण बिघडलेल्या बाईचा चेहरा नव्हता. आपला मुलगा खरं बोलत होता, असं कळलेल्या आईचा होता.

तिने झाकण परत ठेवलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला कळत होतं. मला पुन्हा चालू करायचं. सारण अजून मुरायचंय म्हणायचं. पुरुषांना बिअर द्यायची. टर्की उशिरा होईल, पण सोनेरी होईल आणि कुणाला काही कळणार नाही. पण अंडं घातलेलं सारण कोमट पक्ष्याच्या पोटात दिवसभर बसलं होतं. ते चांगलं राहिलंय की नासलंय, हे ती पूर्वी एका श्वासात सांगू शकली असती. तिने झाकण थोडं तिरकं केलं, खोल श्वास घेतला. काहीच नाही.

इतक्यात मार्ला लोणी न्यायला आली. ताट काढायला मदत करू का म्हणाली. अजून थोडा वेळ आहे, आर्डिथ म्हणाली. मार्ला लोणी घेऊन पायरीपर्यंत गेली.

“मार्ला,” आर्डिथ म्हणाली. “जरा इकडे ये. याला कसला वास येतोय, सांग मला.”

“कसला म्हणजे?”

“कसलाही. मला येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून.”

मार्लाने तिच्याकडे पाहिलं. मग लोणी खाली ठेवलं, झाकण उचललं आणि वाकली. “कच्चा वास आहे. ओल्या पावाचा.” तिने काटा आत घातला आणि काढून हाताला लावला. “कोमट आहे, आर्डिथ.”

“मग टाकायचं. कुणाच्या पानात जाता कामा नये.” आर्डिथचा आवाज अगदी साधा होता. “मी चालू करायला विसरले. कर्टिस म्हणतो तेच खरं. ऐकलं मी काल.”

मार्लाने माझं बटण पाहिलं. ते होतं तिथेच, आर्डिथने सकाळी फिरवलं होतं तिथे. मग ती गुडघ्यावर बसली आणि माझी वायर ओढू लागली. वायर सरसर तिच्या हातात आली, टोकाला प्लग. फळीमागे दुसरीच वायर होती, जाड नारिंगी. मार्ला तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि दार वर करून बाहेर पाहिलं. परत आली तेव्हा तिचे ओठ आवळलेले होते.

“आर्डिथ, टर्की शिजली नाही. पण तुमच्या मुलाचं इंजिन मात्र छान शिजलंय.”

आर्डिथ बर्फाच्या पेटीवर बसली. “म्हणजे मी लावलं होतं.”

“तुम्ही लावलं होतं.”

“लावलं होतं मी,” ती पुन्हा म्हणाली, जणू हरवलेली वस्तू पदरात बांधून घेत होती. मार्ला कर्टिसला फोन लावायला निघाली, तेव्हा आर्डिथने तिचा हात धरला. आधी पाव, म्हणाली. डब्यात वाळवलेला पाव अजून आहे.

मग दोघी आत गेल्या. दार उघडं राहिलं, म्हणून मला ऐकू येत होतं. कांदा लोण्यात चुरचुरला. आर्डिथ तळहातात सेज चुरडत असावी, कारण मार्ला म्हणत होती, अजून. अजून थोडं. थांबा. आता पुरे. त्या घरात आर्डिथला ‘आता पुरे’ म्हणणारं आजवर कुणी झालं नव्हतं, पण तिने हात थांबवला.

पुरुष आले, हरणाशिवाय आले. सगळे बसल्यावर इर्माने विचारलं की पक्षी कुठे आहे, की या वर्षी नुसती प्रार्थनाच खायची? आर्डिथ म्हणाली, “कर्टिस, तुझी गाडी सुरू होतेय का, जरा बघून ये.”

तो गॅरेजमध्ये आला. आधी मला पाहिलं, मग माझा जमिनीवर पडलेला प्लग. शेवटी ती नारिंगी वायर. टोपी काढली. लहानपणी खिडकीची काच फोडल्यावर बापासमोर तो असाच उभा राहिलेला मला आठवतो. मग त्याने टर्की सारणासकट उचलून कचऱ्याच्या पिंपात टाकली, पिंपाला कुलूप घातलं, रात्री कचरा उकरणाऱ्या रकून प्राण्याच्या पोटात दुखू नये म्हणून, आणि आत गेला.

त्याने काहीतरी बोलायला सुरुवात केली. तोवर मार्लाकडून इर्माला सगळं कळलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, वायर उपटणाऱ्यांनी भाषण करू नये, बटाटे गार होतात. मग मार्लाने सगळ्यांसमोर आर्डिथच्या नाकाचं सांगितलं. बहुधा तिला विचारूनच, कारण आर्डिथने अडवलं नाही.

“मला सांगितलं का नाहीस, आई?” कर्टिस म्हणाला.

“तू विचारलं कुठे होतंस? तू ठरवलं होतंस.”

यावर कुणी बोललं नाही. इर्मासुद्धा नाही, आणि माझ्या हिशोबात तिच्या नावावर शांततेची ही एकच नोंद आहे. मग मार्लाचा आवाज आला. “आर्डिथ, पुढच्या वर्षी सण कुठे करायचा?”

आर्डिथने घाई केली नाही. मला वाटलं, इथेच म्हणेल. म्हणायचा हक्क तिने कमावला होता.

“तुझ्याकडे,” ती म्हणाली. “दमलेय गं मी. पण सारण मी करणार आणि चव तू बघायची. आणि तो रोस्टर घेऊन जा. त्याला स्वयंपाकघरात ठेव.”

मित्रांनो, आता मी मार्लाच्या स्वयंपाकघरात आहे. सणाच्या आदल्या दिवशी आर्डिथ येते, माझ्याशेजारी स्टुलावर बसते आणि पाव कुस्करते. तिचं नाक परत आलेलं नाही. मार्ला झाकण उचलून वाफेत नाक घालते आणि तिला सांगते, आज थोडा कांदा पुढे आहे, आज लोणी छान जमलंय. आर्डिथ डोळे मिटून ऐकते.

मी थकलो आहे, म्हणून फार मागत नाही. कुठलीही वायर उपटण्याआधी ती कुठे जाते, तेवढं वाकून बघा. घरातलं म्हातारं माणूस चुकलं असं वाटलं, तर त्याच्याबद्दल काही ठरवण्याआधी त्याला विचारा. आणि मला घासाल तेव्हा मऊ फडक्याने घासा. त्या दिवशी कर्टिसने पश्चात्तापाच्या भरात मला तारेच्या घासणीने घासलं. हेतू चांगला होता, पण इनॅमल एकदा खरवडलं की परत येत नाही.